बालेकिल्ल्याच्या दाराचा शिरस्ता

१/
इ.स. १२९६. अलाउद्दीन तेव्हा दिल्लीचा सुलतान नव्हता, कडा-माणिकपूरचा सुभेदार होता. तो अचानक देवगिरीवर येऊन धडकला. यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेले. रामदेवरायाने घाईने किल्ल्याचा आश्रय घेतला. फरिश्ता सांगतो की, कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी पळताना टाकून दिलेली पोती धान्याची समजून राजाच्या लोकांनी किल्ल्यात ओढून घेतली. वेढा पडला, पोती उघडली, आणि आत निघाले मीठ.

फरिश्ता हे लिहितो तो घटनेनंतर तीनशे वर्षांनी. त्यामुळे पोत्यांच्या गोष्टीवर किती भार टाकावा, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्वतःच ठरवावे. पण गोष्ट खरी असो वा रचलेली, तिने वर्मावर बोट ठेवले आहे. कडा अभेद्य होता, दरवाजा मजबूत होता. चूक झाली ती आत घेतलेले ओझे न उघडता स्वीकारण्यात.

२/
आजचा धागा किल्ल्याचा नाही, प्रोसेसरचा आहे. गेल्या काही दशकांत संगणकाच्या चिपमध्येही बालेकिल्ले बांधले गेले. त्यांना एन्क्लेव्ह म्हणतात. स्मृतीचा हा एक कोपरा असा कुलूपबंद असतो की, यंत्राचा मालक, त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम, किंबहुना तीच यंत्रणा ताब्यात घेतलेला चोरही आत डोकावू शकत नाही. अशा बालेकिल्ल्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण तटबंदीचे वर्णन करतात, म्हणजे गुप्तलेखन, किल्ल्या आणि मोहोर. दाराबद्दल फार थोडे लिहिले जाते. वास्तविक गेल्या काही वर्षांतील कित्येक पराभव दारातच झाले आहेत.

३/
आधी एक शब्द समजून घेऊ : कॉलिंग कन्व्हेन्शन. मराठी दफ्तराच्या भाषेत याला ‘शिरस्ता’ हा शब्द जितका चपखल बसतो, तितका दुसरा बसत नाही. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते तेव्हा माल कोठे ठेवायचा, उत्तर कोठून उचलायचे आणि कोणाची भांडी कोणी धुवायची, याचा ठरलेला रिवाज. लिनक्सवरील ६४-बिट इंटेल यंत्रांत पहिली सहा पूर्णांकी मूल्ये आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८ आणि आर९ या रजिस्टरांत याच क्रमाने जातात. उत्तर आरएएक्समध्ये येते. आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही रजिस्टरे पाहुण्याने जशी घेतली तशी परत करावीत. स्टॅक सोळाच्या पटीत जुळलेला असावा. आणि ‘दिशा-बिट’ नावाचा एक क्षुल्लक बिट शून्य असावा. हा बिट लक्षात ठेवावा, पुढे त्याच्यावरून रण माजले आहे.

या शिरस्त्याचा पाया परस्परविश्वास आहे. बोलावणारा आणि बोलावलेला एकाच घरचे, एकाच कंपायलरच्या हाताखालून गेलेले. कोणी नियम मोडला तर कार्यक्रम कोसळतो आणि दोघांचेही नुकसान होते. म्हणून कोणी कोणाची झडती घेत नाही.

एन्क्लेव्हच्या दारावर मात्र बोलावणारा हाच शत्रू असू शकतो. घरगुती शिरस्ता शत्रूच्या हाती पडला म्हणजे काय होते, हा या धाग्याचा विषय.

४/
याचे इतिहासाच्या विद्यार्थ्याला काय? टेंभुर्णीत उभे राहून पाहिले तर उत्तर सोपे आहे. ही सोलापूरकडची महामार्गावरची टेंभुर्णी नव्हे. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातली. (नावे सारखी असली की ओळख पटवणे किती अवघड होते, याचा हा लहानसा नमुना. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. तिचीही गल्लत या गावांशी होऊ शकते.) राज्यातल्या इतर गावांप्रमाणे येथेही रास्त भाव दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लावल्याखेरीज धान्य हाती पडत नाही. कपाशी वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा तीनदा लावूनही उमटत नाही, हे दुःख सर्वांना ठाऊक आहे. दुसरे दुःख डोळ्यांना दिसत नाही. उमटलेला अंगठा यंत्राच्या आत कोणाकोणाच्या हातून जातो?

आधारच्या बोटठसा-यंत्रांसाठी दोन पायऱ्या ठरवण्यात आल्या, एल-शून्य आणि एल-एक. पहिलीत ठशावर सही करण्याचे व तो गुप्तलिपीत घालण्याचे काम यंत्राला जोडलेल्या संगणकाच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये चालत असे. दुसरीत तेच काम ‘ट्रस्टेड एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट’मध्ये, म्हणजे चिपच्या बालेकिल्ल्यात व्हावे, अशी अट आहे. बाहेरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला खासगी किल्ली मिळू नये आणि आधी साठवून ठेवलेला जुना ठसा मागच्या दाराने आत ढकलता येऊ नये, हा हेतू. दुसऱ्याच्या ठशावर कोणी तिसराच पैसे काढून नेतो, अशा तक्रारींनी ज्यांचे वर्तमानपत्र भरते, त्यांना या अटीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण बालेकिल्ला म्हटला की दार आले. बाहेरच्या सॉफ्टवेअरने आतल्या सॉफ्टवेअरला हाक मारायचीच असते, नाहीतर तो बालेकिल्ला नव्हे, समाधी.

५/
दाराचा इतिहास १९६५च्या सुमारास सुरू होतो. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी हाती घेतलेल्या मल्टिक्स या प्रणालीत ‘वलये’ होती. दौलताबाद पाहिलेल्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. बाहेर अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, मग कालाकोट, आणि सर्वांत आत खंदकापलीकडचा बालेकिल्ला. बाहेरच्याने आत शिरायचे तर ठरलेल्या दारानेच. भिंत फोडून मध्येच उगवायचे नाही. मल्टिक्समध्ये या दारांना ‘गेट’ म्हणत. सुरुवातीच्या जीई-६४५ यंत्रात ही वलये सॉफ्टवेअरने कशीबशी उभी केलेली होती आणि दर उंबरठ्यावर मोठा खोळंबा होई. १९७२मध्ये मायकेल श्रोडर आणि जेरोम सॉल्ट्झर यांनी आठ वलये थेट यंत्रातच घडवण्याची रचना मांडली. ती हनीवेल ६१८०मध्ये उतरली.

त्या रचनेतली खरी करामत दारात नाही, पोत्यांत आहे. बाहेरचा माणूस आतल्याला सांगतो, ‘अमुक पत्त्यावर उत्तर लिही.’ तो पत्ता आतल्याच्याच तिजोरीचा असला तर? आतल्याला तिजोरी उघडण्याचा अधिकार असतो, तो निमूटपणे उघडतो आणि स्वतःच्याच दप्तरावर शाई सांडतो. मल्टिक्सने यावर उपाय काढला तो असा : प्रत्येक पॉइंटरबरोबर तो कोणत्या वलयातून आला, हेही नोंदवायचे. पत्ता वापरताना आतल्याचे अधिकार लागू होत नाहीत. ज्याने पत्ता दिला त्याचेच होतात. पोत्यावर व्यापाऱ्याचे नाव कायम चिकटलेले. १९८८मध्ये नॉर्म हार्डी यांनी या फसगतीला ‘गोंधळलेला मुतालिक’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि ते टिकले. कारभारी प्रामाणिक असतो. फक्त आपण कोणाच्या वतीने काम करतो आहोत, हे त्याच्या ध्यानातून गेलेले असते.

६/
इंटेलने १९८२च्या ८०२८६मध्ये आणि १९८५च्या ८०३८६मध्ये चार वलये दिली. दौलताबादचेही कोट चार, हा योगायोग मौजेचा. दाराला ‘कॉल गेट’ म्हणत. त्यात किती मूल्ये आत न्यायची तो आकडा लिहून ठेवलेला असे. प्रोसेसर स्वतः ती मूल्ये बाहेरच्या स्टॅकवरून आतल्या स्टॅकवर उतरवून घेई, आणि आतला स्टॅक कोठे आहे हे बाहेरच्याला विचारण्याची गरजच पडत नसे. दारावरचा पहारेकरी सगळे करतो, आतल्याने फक्त न्याय द्यावा.

ही देखणी व्यवस्था फारशी कोणी वापरली नाही. प्रचलित ऑपरेटिंग सिस्टीमांनी चारांपैकी दोनच वलये घेतली, शून्य आणि तीन. दारेही पुढे हलकी आणि वेगवान झाली, म्हणजे पहारेकऱ्याचे काम काढून घेऊन ते आतल्यावर सोपवले गेले. ही वाटचाल विसरू नये. पुढच्या संकटाचे बी तिच्यातच आहे.

७/
मोबाइल फोनांतल्या एआरएम चिपांनी दुसरा मार्ग धरला. ट्रस्टझोन हे त्याचे नाव. यंत्राची दोन जगे, एक सामान्य आणि एक सुरक्षित. एकातून दुसऱ्यात जाण्याची हाक म्हणजे एसएमसी ही एकच आज्ञा. आरंभी प्रत्येक उत्पादक या हाकेचा आपापला अर्थ लावी. २०१३मध्ये एआरएमने तिचा शिरस्ता लिहून काढला. पहिल्या रजिस्टरात बत्तीस बिटांचा एक क्रमांक घालायचा, आणि हा क्रमांक म्हणजे साक्षात शिवकालीन दस्तकच. सर्वांत वरचा बिट सांगतो की काम एका दमात उरकायचे आहे, की मध्ये थांबले तरी चालेल. त्याखालचा सांगतो की हाक ३२-बिटांची आहे की ६४. मधले सहा बिट सांगतात, हे काम कोणाच्या अखत्यारीतले : चिप बनवणाऱ्याच्या, फोन बनवणाऱ्याच्या, की आतल्या सुरक्षित प्रणालीच्या. खालचे सोळा बिट म्हणजे कामाचा अनुक्रमांक. अनोळखी दस्तक आले तर उत्तरही ठरलेले, उणे एक.

पहिल्या आवृत्तीत एक ढिलाई राहून गेली होती. परतताना काही रजिस्टरांत काय असेल, याची हमी नव्हती. ‘हमी नाही’ म्हणजे आतल्या हिशेबाचे कपटे बाहेर जाण्याची शक्यता. पुढे ती रजिस्टरे जशी घेतली तशी परत करण्याचे बंधन आले. शिरस्त्यांच्या इतिहासात असेच घडते. मूळ मजकुरात जेथे मौन असते, तेथे पुढे कलम येऊन बसते.

८/
आता मुख्य प्रकरण. इंटेलने एसजीएक्स २०१३मध्ये जाहीर केले आणि २०१५च्या स्कायलेक प्रोसेसरांत ते बाजारात आले. येथे किल्ल्याची उपमा मोडते, आणि ती मोडते तेथेच विषय रंगतो. एसजीएक्सचा एन्क्लेव्ह सर्वांत आतल्या वलयात नसतो. तो सर्वांत बाहेरच्या, तिसऱ्या वलयात, सामान्य कार्यक्रमाच्या पोटात असतो. म्हणजे अंबरकोटाबाहेरच्या पेठेत एका वाण्याच्या दुकानात अशी पेटी ठेवलेली आहे, जी खुद्द किल्लेदारालाही उघडता येत नाही. किल्लेदार पेटी हलवू शकतो, तिच्याकडे जाणारी वाट अडवू शकतो, तिला उपाशी ठेवू शकतो. आत पाहू शकत नाही.

या पेटीत शिरण्याची आज्ञा ईएंटर. ती काय करते आणि काय करत नाही, हे सावकाश पाहण्यासारखे आहे.

ती प्रवेशबिंदू पक्का करते. एन्क्लेव्ह बांधताना ‘टीसीएस’ या नोंदीत तो बिंदू लिहिलेला असतो, आणि ही नोंद एन्क्लेव्हच्या मोजमापात, म्हणजे त्याच्या ओळखमुद्रेत, धरलेली असते. त्यामुळे बाहेरचा कोणी आतल्या मधल्याच ओळीवर उडी मारू शकत नाही. ती एफएस आणि जीएस हे दोन खंड आतल्या पत्त्यांवर वळवते. आणि ईएएक्समध्ये एक लहानसा आकडा ठेवते. त्यावरून आतल्याला कळते की ही नवी हाक आहे, की आधीचे काम अर्ध्यावर तुटलेले असताना आलेली हाक.

बस्स. बाकी बहुतेक रजिस्टरांत बाहेरच्याने जे भरले तेच तसेच आत येते. स्टॅकचा पॉइंटर आरएसपीसुद्धा! दारातून आत पाऊल टाकणारा पहारेकरी शत्रूने दिलेल्या जोड्यांवर उभा असतो. पहिल्या काही आज्ञांत त्याने जीएसच्या आधाराने आपली जागा शोधायची, आपला स्टॅक चढवायचा, आणि तोवर चुकूनही बाहेरच्या स्टॅकवर काही लिहायचे नाही. परतताना ईएक्झिट ही आज्ञाही रजिस्टरे पुसत नाही. गुपिते पुसून बाहेर पडणे हे आतल्याचेच काम.

८०२८६चा पहारेकरी पोती मोजून घेत होता. एसजीएक्सचा दरवान फक्त दार दाखवतो. हा निर्णय चुकीचा होता असे सरसकट म्हणता येणार नाही. हलके दार वेगवान असते, आणि प्रत्येकाला आपापला शिरस्ता रचण्याची मुभा राहते. पण मुभेची किंमत कोणी मोजली, तर ज्यांनी आतले पहिले शंभर ओळींचे सॉफ्टवेअर लिहिले त्यांनी.

९/
अनपेक्षित निर्गमनाचा प्रसंग मात्र इंटेलने फार विचारपूर्वक घडवला आहे. आत काम चालू असताना बाहेर घड्याळाचा ठोका पडला, म्हणजे इंटरप्ट आला, तर प्रोसेसर आतली सर्व रजिस्टरे आतल्याच एका राखीव पानावर उतरवतो आणि बाहेर खोटी, निरुपद्रवी मूल्ये ठेवतो. त्या खोट्या मूल्यांतही सोय आहे. आरएएक्समध्ये ३ हा आकडा ठेवलेला असतो, आणि ३ म्हणजे ‘काम पुढे चालू करा’ या ईरिझ्यूम आज्ञेचा क्रमांक. आरबीएक्समध्ये टीसीएसचा पत्ता, आरसीएक्समध्ये परतीच्या बाहेरच्या जागेचा पत्ता. म्हणून त्या बाहेरच्या जागेवर एकच आज्ञा लिहून ठेवली तरी भागते. सर्व सामग्री हातात तयार असते. ज्याने हे योजले त्याला दाद द्यावी.

१०/
आता त्या दिशा-बिटाकडे येऊ. आणि त्यासाठी जालना जिल्ह्यातच थांबू. असई याच जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सेनेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. मराठ्यांच्या पलटणी केळनेच्या काठाचा आडोसा करून उभ्या होत्या. समोरचा उतार सोडून जवळपास दुसरा उतार नाही, असे वाटाडे वेलस्लीला सांगत होते. त्याने मात्र मराठ्यांच्या डाव्या बगलेपलीकडे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली. इंग्रजी नोंदींत ती पीपलगाव आणि वारूर या नावांनी येतात. दोन गावे अशी एकमेकांसमोर असतील तर मधून पायवाट असणारच, हा त्याचा तर्क. उतार निघाला आणि त्यावर पहारा नव्हता. पोलमनने मराठ्यांची आघाडी झपाट्याने काटकोनात फिरवली आणि लढाई इतकी रक्तबंबाळ झाली की, ती वेलस्लीच्या कायम स्मरणात राहिली. तेव्हा मराठी पलटणींना गाफील म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. प्रश्न एवढाच होता की, रोजच्या राबत्याने पडलेली वाट कोणीही लष्करी नकाशावर आणली नव्हती.

दिशा-बिट हा असाच रोजच्या राबत्याचा उतार. इंटेलच्या प्रोसेसरात स्मृतीचे लांबलचक पट्टे भरण्याच्या किंवा हलवण्याच्या आज्ञा आहेत. बिट शून्य असेल तर त्या पुढे चालतात, एक असेल तर मागे. घरगुती शिरस्ता म्हणतो, फंक्शनच्या दारात हा बिट शून्य असेल. सगळे कंपायलर हे गृहीत धरूनच आज्ञा लिहितात. कोणी तपासत नाही, कारण घरात कोणी तो उलटा करून येत नाही. ईएंटर हा बिट शून्य करत नाही. बाहेरच्याने तो एक करून हाक मारली, की आतला साधासुधा सफाई-कामगार, जो एखादा पट्टा शून्यांनी भरायला निघालेला असतो, तो उलट्या दिशेने चालू लागतो आणि शेजारच्या खोलीतले दप्तर पुसून टाकतो. एन्क्लेव्हच्या ओळखमुद्रेत तिळमात्र फरक पडत नाही, कारण आतली एकही ओळ बदललेली नसते.

२०१९मध्ये ल्युव्हेन आणि बर्मिंगहॅम येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘अ टेल ऑफ टू वर्ल्ड्स’ या निबंधात आठ खुल्या प्रणालींची प्रवेशद्वारे तपासली आणि ३५ भगदाडे मोजून दाखवली. दिशा-बिट त्यांतलाच. बाकी बरीचशी मिठाच्या पोत्यांच्या जातीची होती : पॉइंटर आतला की बाहेरचा हे न पाहणे, मजकुराची लांबी बाहेरच्याच शब्दावर मान्य करणे. त्या प्रणाली लिहिणारे नवशिके नव्हते, त्यांत मोठमोठ्या कंपन्यांचे अभियंतेही होते. म्हणजे दोष कोणा एका हाताचा नव्हता. विश्वासावर उभा असलेला शिरस्ता अविश्वासाच्या दारावर तसाच टांगला गेला होता.

११/
लिनक्समध्ये एसजीएक्स शिरले ते फेब्रुवारी २०२१च्या ५.११ या आवृत्तीत, आणि मूळ प्रस्तावाच्या चाळिसाहून अधिक फेऱ्या झाल्यावर. त्यातला एक वाद नेमका या धाग्याच्या विषयाचा आहे. एन्क्लेव्हच्या आत चूक घडली, समजा शून्याने भागले गेले, तर ती कोणाला कळवायची? जुना रिवाज सिग्नलचा. पण सिग्नल सबंध प्रक्रियेला मिळून एक असतो. एन्क्लेव्ह तर बहुधा एखाद्या ग्रंथालयाच्या पोटात दडलेला. दोन ग्रंथालयांनी एकाच सिग्नलवर हक्क सांगितला की भाऊबंदकी सुरू. तोड निघाली ती अशी : कर्नल प्रत्येक प्रक्रियेत आपला एक छोटा आज्ञासंच ठेवतो, त्याला व्हीडीएसओ म्हणतात. त्यातच एन्क्लेव्हमध्ये शिरण्याचे एक फंक्शन द्यायचे. आत चूक घडली तर कर्नल सिग्नल न पाठवता त्या फंक्शनलाच परत फिरवतो आणि चुकीचा प्रकार, तिचा पत्ता वगैरे तपशील हाकेबरोबर दिलेल्या एका नोंदीत लिहून ठेवतो. बोलावणाऱ्याला वाटते, फंक्शन परत आले.

दुसरा पेच स्टॅकचा. इंटेलच्या स्वतःच्या विकास-संचात एन्क्लेव्ह बाहेरचे काही काम सांगताना आपला मजकूर बाहेरच्या स्टॅकवर मांडून येत असे. फंक्शन साधेपणाने परतले तर स्टॅक गुंडाळला जाणार आणि मजकूर त्याखाली जाणार. शेवटी एक ऐच्छिक वाट ठेवली गेली : परतण्याआधी, स्टॅक न गुंडाळता, बोलावणाऱ्याने नेमलेला एक मदतनीस उठवायचा. त्याने धन आकडा दिला तर पुन्हा आत शिरायचे, शून्य वा ऋण दिला तर परतायचे.

आणि मग त्या फंक्शनच्या माथ्यावर कर्नलच्या लेखकांनी एक टीप लिहिली. तिचा आशय असा की, हे फंक्शन नेहमीचा शिरस्ता पुरता पाळत नाही; काही रजिस्टरे, दिशा-बिट आणि स्टॅकची जुळणी एवढे सोडले तर बाकीची स्थिती सांभाळणे एन्क्लेव्हचे आणि त्याच्या सोबत्याचे काम; म्हणून सी भाषेतून विचार न करता याला हाक मारू नये. या सबंध इतिहासातला सर्वांत प्रांजळ मजकूर कोणता, असे कोणी विचारले तर ही टीप दाखवावी. दारावरच्याने आपली जबाबदारी कोठे संपते, हे दारावरच लिहून ठेवले.

१२/
२०२१मध्येच स्मॅशएक्स हा हल्ला पुढे आला. नवव्या भागात दाद दिलेल्या त्या निर्गमनाच्या रचनेतच त्याचे मूळ होते. आत शिरलेल्याने अजून आपला स्टॅक चढवलेला नाही, नेमक्या त्या क्षणी बाहेरच्याने त्याला उठवले, आणि लगेच दुसरी हाक मारली, तर? आतला चूक-निवारक जागा होतो, स्टॅक बसलेला आहे असे धरून चालतो आणि शत्रूने दाखवलेल्या जागी लिहू लागतो. कपडे बदलण्याच्या खोलीत गाठलेला पहारेकरी. इंटेलच्या विकास-संचासह इतर अनेक संचांना डागडुजी करावी लागली. या काळात बंद दाराला वळसा घालून भिंतीतूनच गुपिते ऐकणारे २०१८च्या फोरशॅडोसारखे हल्लेही गाजले. पण त्यांचा इतिहास तटबंदीचा आहे; तो वेगळ्या धाग्यात.

१३/
डागडुजी म्हणजे प्रत्यक्षात काय झाले? दिशा-बिटावरचा उपाय एका आज्ञेचा : आत शिरताच तो शून्य करा. दशांश आकडेमोडीची सूत्रे ज्या रजिस्टरात असतात, त्या एमएक्ससीएसआरमध्येही नेहमीची मूल्ये भरून टाका. दोन आज्ञा आणि काम फत्ते, असे काही काळ वाटले.

२०२०मध्ये त्याच मंडळींपैकी काहींनी ‘फॉल्टी पॉइंट युनिट’ हा निबंध काढला. इंटेलच्या चिपमध्ये एक्स८७ नावाचा फार जुना आकडेमोडीचा विभाग अजून जिवंत आहे. त्याची अचूकता किती, आकडे कोणत्या दिशेला वळवायचे, त्याच्या खणांपैकी कोणते भरलेले आहेत, या खुणा बाहेरच्याने बिघडवून ठेवल्या तर वरच्या दोन आज्ञांनी त्या नीट होत नाहीत. एन्क्लेव्ह आत शिरतो, मुद्रा तपासतो, सर्व काही खरे आढळते, आणि मग तो चुकीची बेरीज करून त्यावर खरी सही ठोकतो. तराजू, वजने आणि मोहोर अस्सल. काटा मात्र दारातच वाकवलेला.

इंटेलने मग प्रवेशाच्या वाटेवर एकेक बिट पुसत बसण्याचा मार्ग सोडला. एक्सआरस्टॉर ही आज्ञा सबंध विस्तारित स्थिती, जुन्या एक्स८७सकट, एका कोऱ्या ठरलेल्या नमुन्यावरून एकदम भरून टाकते; ती आत शिरल्याबरोबर चालवण्यात येऊ लागली. दर हाकेमागे थोडा वेळ जास्त जातो. १९८५च्या दारावर पहारेकरी जी पोती मोजून घेत असे, ती आता उंबरठ्याच्या आत, सॉफ्टवेअरच्या हाताने, रिकामी करून पुन्हा भरली जातात.